हिशेबाच्या कागदावरचे हेलिकॉप्टर

यावल तालुक्यातील एका केळी बागायतदार वाचकाच्या सहा पानी पत्राचा हा गोषवारा. वय ४१, शिक्षण बी.एस्सी. कृषी, घरी आईवडील, पत्नी, दोन मुले आणि धाकट्या भावाचे कुटुंब असा एकत्र संसार. सातवीत असताना गावच्या हायस्कूलच्या मैदानावर प्रचारसभेसाठी हेलिकॉप्टर उतरलेले त्यांनी पाहिले आणि ते स्वतः चालवण्याची इच्छा तेव्हापासून मनात घर करून राहिली. आता अमेरिकेत जाऊन हेलिकॉप्टरचे खासगी वैमानिक लायसन्स काढावे, त्यासाठी महामार्गालगतची दोन एकर जमीन विकावी, आणि परत आल्यावर लग्नसराईत नवरदेव-नवरीची ने-आण व केळीच्या पानांवरील करपा रोगासाठी फवारणी यांतून पाच वर्षांत पैसे वसूल करावेत, असा हिशेब त्यांनी एका कागदावर मांडून पत्रासोबत जोडला आहे. वडिलांचे, म्हणजे आबांचे, म्हणणे असे की घडाच्या वजनाने झुकलेल्या केळीला टेकू देता येतो, वर गेलेल्या माणसाला टेकू कोण देणार? पत्नी या विषयावर काहीच बोलत नाही. वाचक विचारतात, "घरच्यांची भीती कशी काढावी, आणि वय निघून जाण्याआधी हे धाडस करावे की नाही?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यातला सर्वांत जिवंत भाग दुसऱ्या पानावर आहे. सकाळपासून टँकरने मैदानावर मारलेले पाणी, फक्कीने आखलेले वर्तुळ आणि त्यातले ते इंग्रजी अक्षर, हेलिकॉप्टर खाली येताच इतके पाणी मारूनही उठलेला काळ्या मातीचा धुरळा, आणि सगळी मुले पुढाऱ्याकडे धावत असताना तुम्ही मात्र पाती थांबेपर्यंत वैमानिकाच्या हातांकडे पाहत उभे राहिलात, हे तुम्ही अर्ध्या पानात लिहिले आहे. पुढची चार पाने मात्र पैसे वसूल कसे होतील यावर खर्ची पडली आहेत. मला वाटते, तुमची अडचण या अर्ध्या आणि चार पानांच्या प्रमाणातच आहे. एका निखळ आवडीला तुम्ही धंद्याचा सदरा घातला आहे, कारण शेतकरी घरात केवळ आवडीसाठी एवढा पैसा मागण्याची सोय नसते. तो सदरा तिला बसत नाही, आणि आबांना ते पहिल्या नजरेत दिसले असावे.

आधी त्या उत्पन्नाविषयी. खासगी वैमानिक लायसन्स असलेल्या माणसाला मोबदला घेऊन उड्डाण करता येत नाही. हा नियम भारतात आहे आणि जगात जवळजवळ सगळीकडे आहे. नवरदेवाकडून पैसे घेऊन त्याला मांडवाजवळ उतरवायचे तर वैमानिकाकडे व्यावसायिक लायसन्स हवे, ज्याला हेलिकॉप्टरवरचे साधारण १५० तासांचे उड्डाण, बारावीला भौतिकशास्त्र व गणित आणि अधिक कडक वैद्यकीय तपासणी लागते. शिवाय हेलिकॉप्टर ज्या कंपनीचे आहे तिच्याकडे भाड्याने उड्डाणे करण्याचे वेगळे परमिट लागते. आपल्याकडे लग्नात जी हेलिकॉप्टरे उतरतात ती अशाच कंपन्यांची असतात, आणि त्यांच्या वैमानिकांपैकी बरेच जण लष्करातून किंवा हवाई दलातून हजारो तासांचा अनुभव घेऊन आलेले असतात. तुमच्या कागदावरचा "लग्ने : वर्षाला २५" हा आकडा त्यामुळे खोडावा लागेल, कमी करून भागणार नाही.

फवारणीचेही तसेच. झाडांच्या शेंड्यांलगत, विजेच्या तारांच्या मधून, औषधाने भरलेली टाकी घेऊन उडणे हे उड्डाणातील अत्यंत जोखमीच्या कामांपैकी एक आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण व परवानग्या लागतात. तुम्ही स्वतः कृषी पदवीधर आहात, तेव्हा करप्यासाठी यापेक्षा सोपी वाट तुमच्या बांधापर्यंत आलेली आहे हे तुम्हाला सांगायला नको. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर मान्यताप्राप्त संस्थेत थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम करून ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि दहा लिटरच्या टाकीचा फवारणी ड्रोन आता अनेक गावांत दिसतो. त्याने तुमची हौस भागेल असे मी मुळीच म्हणत नाही. बांधावर उभे राहून रिमोट हातात धरणे आणि आकाशात असणे यांत काहीच साम्य नाही. पण फवारणी हे कारण असेल तर उत्तर ड्रोन आहे, आणि हेलिकॉप्टर हे उत्तर असेल तर फवारणी हे कारण नाही, एवढे वेगळे करून पाहा.

आता ४० तासांविषयी. भारतात आणि अमेरिकेत खासगी लायसन्ससाठी किमान उड्डाण ४० तासांचे आहे, त्यांपैकी किमान दहा तास एकट्याने, हे तुम्ही बरोबर लिहिले आहे. परंतु तो परीक्षेला बसण्याचा उंबरठा आहे, शिकण्याचा सरासरी वेळ नव्हे. बहुतेकांना साठ-सत्तर तास लागतात आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नसतो. कारण समजून घ्यायचे तर हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवण्याचा पहिला धडा डोळ्यांसमोर आणा. डाव्या हातात कलेक्टिव्ह नावाचा दांडा, जो वरखाली केला की सर्व पात्यांचा कोन एकदम बदलतो आणि यंत्र चढते वा उतरते. उजव्या हातात सायक्लिक हा दुसरा दांडा, जो झुकवू त्या दिशेला यंत्र सरकते. आणि पायांखाली दोन पेडल, जे शेपटीच्या पंख्याचा जोर बदलून नाक वळवतात. यांतले एक हलवले की उरलेली दोन्ही सावरावी लागतात. नाशिकच्या एका निवृत्त लष्करी प्रशिक्षकांशी मी या पत्राच्या निमित्ताने बोललो (नाशिकजवळ गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे, त्यामुळे अशी मंडळी त्या भागात भेटतात). ते म्हणाले की नवा विद्यार्थी सायक्लिक मुठीत आवळून धरतो, यंत्र डावीकडे गेले की तो उजवीकडे ओढतो, तोवर यंत्र स्वतःच परतू लागलेले असते, आणि मग ते पाळण्यासारखे झुलू लागते. ते विद्यार्थ्याला कोपरापासूनचा हात मांडीवर टेकवायला लावत, सायक्लिक दोन बोटांत धरायला सांगत आणि जवळच्या गवताकडे न पाहता मैदानाच्या टोकाच्या झाडाकडे पाहायला सांगत. पाच-सात तास काहीच जमत नाही, आणि मग एका सकाळी यंत्र अचानक जागेवर थांबते. ते सांगताना त्यांचा उजवा हात टेबलाखाली मांडीवरच टेकलेला होता.

प्रशिक्षणात बहुधा वापरले जाणारे रॉबिन्सन कंपनीचे आर-२२ हे दोन आसनी यंत्र हलके आणि तुलनेने स्वस्त आहे, पण क्षमाशील नाही. त्याची पाती हलकी असल्याने इंजिन बंद पडले तर दोन सेकंदांच्या आत कलेक्टिव्ह खाली घ्यावा लागतो, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि यंत्र आवरून उतरवता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग या एकाच गोष्टीवर जातो. अमेरिकेने या यंत्रासाठी वेगळा नियमच केला आहे, त्यानुसार प्रशिक्षकासोबत किमान २० तास झाल्याशिवाय विद्यार्थ्याला ते एकट्याने उडवता येत नाही. जाताजाता एक रूक्ष पण उपयोगी गोष्ट सांगतो. आर-२२ च्या प्रत्येक आसनाची वजनमर्यादा, आसनाखालच्या सामानासह, सुमारे १०९ किलो आहे, आणि अनेक शाळा त्याहून कमी वजनाचा आग्रह धरतात.

पैशांचा हिशेब मग असा होतो. प्रशिक्षकासह तासाला ३५० डॉलर धरले आणि ६५ तास लागले, तर केवळ उड्डाणाचे २२,७५० डॉलर होतात, म्हणजे वीस लाख रुपयांच्या आसपास. राहणे, जेवण, परीक्षा, व्हिसा आणि परदेशी विद्यार्थ्यांना लागणारी तेथील सुरक्षा मंजुरी हे वेगळे. तुमच्या कागदावरची रक्कम याच्या जेमतेम निम्मी आहे.

याहून मोठी गोष्ट तुमच्या कागदावर अजिबात नाही, आणि ती म्हणजे परत आल्यानंतरचा एखादा साधा मंगळवार. समजा, लायसन्स खिशात घेऊन तुम्ही मुंबईला उतरलात आणि रेल्वेने भुसावळला आलात. पुढे काय? अमेरिकी लायसन्स भारतात आपोआप चालत नाही. त्याचे रूपांतर करण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते, आणि लायसन्सवर ज्या प्रकारचे हेलिकॉप्टर नोंदवले असेल तेच उडवता येते. तशा प्रकारचे यंत्र तासावर भाड्याने देऊन तुम्हाला सराव करू देईल अशी संस्था खान्देशात नाही. अमेरिकेत दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाकडून उड्डाणाची उजळणी करून घ्यावी लागते, आणि कोणाला शेजारी बसवायचे तर आधीच्या ९० दिवसांत तीन वेळा यंत्र उडवून उतरवलेले असावे लागते. हे नियम उगाच केलेले नाहीत. पोहणे आणि सायकल एकदा आली की विसरत नाही असे आपण म्हणतो. हेलिकॉप्टर त्या जातीचे नाही. दोन वर्षे हात न लावलेला खासगी वैमानिक हा स्वतःला वैमानिक समजणारा प्रवासी असतो, आणि तो आत्मविश्वास पूर्ण नवख्याच्या भीतीपेक्षा घातक ठरतो.

"मग स्वतःचे घेऊ" असे एक वाक्य तुम्ही शेवटच्या पानावर लिहून खोडले आहे. खोडले ते बरे केले. रॉबिन्सनचेच चार आसनी आर-४४ नवे घ्यायचे तर चार-पाच कोटींची गोष्ट आहे, आणि जुने स्वस्तात मिळाले तरी त्यात एक मेख आहे. या कंपनीची पिस्टन इंजिनाची हेलिकॉप्टरे साधारण २२०० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पूर्ण उलगडून नव्याने जुळवावी लागतात. वर्षाला ५० तास उडणाऱ्या हौशी मालकाचे बारा वर्षांत सहाशे तासच होतात, तरी तो खर्च चुकत नाही. त्यांना लागणारे विमानाचे पेट्रोल पंपावर मिळत नाही. ते भारतात तयार होऊ लागले तेच मुळी २०२२ पासून, तेही वडोदऱ्याच्या रिफायनरीत. प्रत्येक उड्डाणाआधी उड्डाण आराखडा आणि हवाई संरक्षणाची मंजुरी लागते, शेतात उतरायचे तर प्रशासनाशी वेगळा व्यवहार. ट्रॅक्टरसारखे चावी फिरवून निघाले, असे यात काही नाही.

आपल्या मुलखाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण हेलिकॉप्टर यंत्रापेक्षा हवेवर अधिक चालते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच, पण मे महिन्यात दुपारी ४४ अंशांना हवा इतकी विरळ होते की पात्यांना ती साडेचार हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने तुमची केळीची बाग त्या वेळी थंड दिवसातल्या तोरणमाळपेक्षाही उंचावर असते. दोन माणसे आणि भरलेली टाकी घेऊन लहान इंजिन तेथे दमते. त्यात दीपनगरच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, आणि उतरताना दृष्टी झाकून टाकणारा काळ्या रानाचा धुरळा. तारांना अडकणे हे जगभर हेलिकॉप्टर अपघातांचे एक नेहमीचे कारण आहे, आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर शिकलेल्या हाताला हे काहीच ठाऊक नसते.

येथे आबांकडे वळतो. तुम्ही लिहिता की त्यांची भीती अज्ञानातून आहे. मला तसे वाटत नाही. १६ जुलै २०२१ रोजी तुमच्या शेजारच्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षणाचे एक विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले आणि शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. तिला डोंगरातून खाली आणण्यासाठी एका आदिवासी बाईने अंगावरचे लुगडे झोळी करायला दिले होते, असे तेव्हा बातम्यांत आले होते. तुमच्या घरापासून ते ठिकाण फार लांब नाही. ज्या माणसाने वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी झालेली पाहिली आहे, त्याला भरवशाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा "भीती कशी काढावी" या प्रश्नाऐवजी "त्यांच्या भीतीत खरे किती आहे" हे विचारा. जोखीम आहे, चांगली शाळा, वयाने व तासांनी अनुभवी प्रशिक्षक आणि खराब हवेत न उडण्याची शिस्त यांनी ती बरीच कमी होते, शून्य होत नाही. आबांना हे असेच्या असे सांगितलेत तर ते कदाचित अधिक ऐकतील. "काही होत नाही" या वाक्यावर कोणताही शहाणा शेतकरी विश्वास ठेवत नाही.

पत्नीच्या मौनाचा अर्थ मी लावणार नाही, तो तुम्ही विचारा. मात्र विचारण्याआधी तुमची आयुर्विम्याची आणि अपघात विम्याची कागदपत्रे काढून वाचा, कारण अनेक अपघात विम्यांत तिकीट काढलेल्या प्रवाशाखेरीज अन्य कोणत्याही हवाई प्रवासाला संरक्षण नसते. ती ओळ सापडली तर दोघांनी मिळून कंपनीला लेखी विचारा. आणि ती दोन एकर जमीन "माझ्या हिश्श्याची" असे तुम्ही म्हणता, पण खातेफोड, म्हणजे जमिनीची कागदोपत्री वाटणी, झालेली नाही असेही लिहिता. मग ती अजून तुमची नाही, धाकट्या भावाचीही आहे. जमीन विकून हौस पुरवू नये, एवढे एकच मत मी येथे कोणताही आडपडदा न ठेवता देतो. केळीचे भाव एका हंगामात निम्म्यावर येतात हे तुम्हाला माहीत आहे. जमीन गेल्यावर पुढचा पडता हंगाम कशावर काढणार?

मग करावे काय? वय ४१ आहे म्हणून घाई करू नका. खासगी लायसन्सला किमान वय १७ आणि शिक्षण दहावी लागते, आणि वरच्या बाजूला खरी अट प्रकृतीची असते. म्हणून सर्वांत आधी, एक रुपयाही शाळेकडे न भरता, डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरकडून दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा, रक्तदाब, साखर, हृदय यांतले काही निघाले तर ते वीस लाख गेल्यानंतर कळण्यापेक्षा आता कळलेले चांगले. हे वाक्य पंचविशीतल्या वाचकांसाठीही आहे, ज्यांची पत्रे मला अधूनमधून येतात आणि ज्यांनी शाळेची आगाऊ रक्कम आधीच भरलेली असते.

त्यानंतर हिवाळ्यात दोन-तीन महिने पुस्तकांना द्या. हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि यंत्राची तांत्रिक माहिती हे विषय घरी बसून वाचता येतात, ते इंग्रजीत आहेत, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के लागतात. केळीच्या हिशेबातून रोज तास-दीड तास काढून हे वाचणे तुम्हाला जमते का, हीच आवडीची पहिली परीक्षा समजा. पुष्कळांची हौस हवामानशास्त्राच्या तिसऱ्या प्रकरणात संपते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आकाशात स्वतः यंत्र सांभाळणे हेच तुम्हाला हवे असेल, तर हेलिकॉप्टरचा आग्रह थोडा बाजूला ठेवून जवळ पाहा. धुळ्याजवळ गोंदूर, शिरपूर आणि जळगाव या तिन्ही ठिकाणी विमानोड्डाणाचे प्रशिक्षण दिले गेले आहे. तेथे जाऊन एक सकाळ नुसते बसा, प्रशिक्षकांशी बोला, सध्या खासगी लायसन्ससाठी प्रवेश देतात का ते विचारा. विमानाचे लायसन्सही किमान ४० तासांचेच, पण तास स्वस्त, आणि मुख्य म्हणजे नंतरचा सराव दोन तासांच्या अंतरावर. हवामान, नियम आणि रेडिओवरचे बोलणे यांचा पाया दोन्हींकडे सारखाच असतो, त्यामुळे पुढे हेलिकॉप्टरकडे वळलात तरी हे वाया जात नाही.

आणि "नाही, मला त्या वैमानिकाचे हातच हवेत" असे मन म्हणत असेल, तर परदेशी पूर्ण अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी चाचणीचे एक उड्डाण घ्या. बहुतेक शाळा अर्ध्या-पाऊण तासाचे असे उड्डाण देतात, त्यात प्रशिक्षक सायक्लिक तुमच्या हातात देतो. भारतात हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या जागा फार थोड्या आहेत, बंगळूरूची हिंदुस्थान एरोनॉटिक्सची रोटरी विंग अकादमी हे त्यातले ठळक नाव, पण तिचा रोख व्यवसाय म्हणून शिकणाऱ्यांकडे आहे. तरीही चौकशीचे एक पत्र लिहायला हरकत नाही. परदेशातील शाळेला संपूर्ण शुल्क आगाऊ कधीही देऊ नका, ती कितीही सवलत देवो. शाळा मध्येच बंद पडली तर यावलहून तिच्यामागे धावता येत नाही. टप्प्याटप्प्याने भरा, आणि पहिल्या दहा तासांनंतर थांबण्याची मोकळीक स्वतःला द्या. दहा तासांत हेलिकॉप्टर थोडा वेळ का होईना जागेवर तरंगत ठेवता आले, तर सातवीतल्या त्या मुलाला हवे होते त्यातले बरेचसे मिळालेले असेल, आणि पुढचे तीस, पन्नास तास हवेत की नाहीत हे तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठरवता येईल.

या सगळ्याला पैसा जमिनीतून नको, बचतीतून हवा. दोन-तीन चांगल्या हंगामांतून वेगळा काढता येईल एवढा, आणि बुडाला तरी मुलांच्या शिक्षणाला धक्का लागणार नाही असा. तेवढा आज नसेल तर तीन वर्षांनी असेल. तोवर तुम्ही ४४ वर्षांचे असाल आणि लायसन्सच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही.

तुम्ही जोडलेला हिशेबाचा कागद मी परत पाठवत आहे. खर्चाच्या बाजूला तासांचे आकडे पेन्सिलीने दुरुस्त केले आहेत. उत्पन्नाच्या बाजूला लग्ने आणि फवारणी या दोन्ही ओळींपुढे तुम्ही स्वतःच्या हाताने शून्य लिहा, आणि मग तोच कागद, दुसऱ्या पानावरच्या त्या अर्ध्या पानाच्या मजकुरासह, आबांना आणि पत्नीला एकदम वाचायला द्या.